मुद्देमाल क्रमांक एकेचाळीस

लाखेचं सील, त्यावर ठाण्याचा ठसा,
चिठ्ठीवर दोन पंच: एक सही, एक अंगठा,
आणि आत, बारदानात,
कूलरचा एक पंप. जुना, वापरता,
किंमत अंदाजे रुपये चारशे.

सात वर्षं तो माझ्या ताब्यात आहे.
मालकी वेगळी, ताबा वेगळा,
हे मला या खोलीनं शिकवलं.
इथे चाकू माझ्या ताब्यात आहेत,
कुणाचं तरी मंगळसूत्र,
गांजाची पुडी, जिला उंदरांनी कुरतडलं
आणि ज्याचा पंचनामा वेगळा करावा लागला.
माझं यातलं काहीच नाही. किल्ली तेवढी माझी.

मे महिना. सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर डांबर चपलेला धरतं.
तीन नंबरच्या कोर्टातला कूलर परवापासून कोरडी हवा फेकतोय,
बांधकाम खात्याला पत्र गेलेलं आहे,
मॅडमच्या कपाळावरचा थेंब रोजनाम्यावर पडतो
आणि तारखेची शाई फुटते.
शिरस्तेदार बोरघरे मला म्हणाले,
"काऊन बे, तुह्याजवळ पडून हाये ना एक पंप?"
हसलो. पण रात्री कलम काढून वाचलं.

जंगम वस्तू. दुसऱ्याच्या ताब्यातली.
संमतीवाचून. लबाडीच्या हेतूनं. हलवणं.
वीतभर हलवली तरी चोरी पुरी होते,
घरापर्यंत न्यावी लागत नाही.
दर शनिवारी झाडताना मी तो पंप
या फळीवरून त्या फळीवर ठेवतो.
माझ्या हातात आणि चोराच्या हातात
फरक फक्त मनाचा,
आणि मनाचा पंचनामा होत नाही.

मोतीराम नेवारे, राहणार गड्डीगोदाम,
धरला तेव्हा एकोणीस वर्षांचा.
जामीन मंजूर झाला पहिल्याच दिवशी,
पण घरटॅक्सची पावती असलेला माणूस
त्याच्या ओळखीत निघाला अकराव्या दिवशी.
मग तारखा. पुकारा झाला की
तो "हव जी" म्हणत आत यायचा, भिंतीला न टेकता उभा राहायचा.
त्याचं म्हणणं एवढंच:
"देवतळेबाईनंच देल्ला होता दुरुस्तीले."
देवतळेबाई एकदाही आल्या नाहीत.
समन्स परत येत राहिलं: घराला कुलूप.
पंच, पानठेलेवाला, शपथेवर म्हणाला,
सही माझी आहे,
वरचा मजकूर तेव्हा नव्हता.

आज निकाल. संशयाचा फायदा.
तो माझ्या खिडकीशी आला, नक्कल हातात धरून.
"भाऊ, म्या चोरला नाई, असं लिवलं का याच्यात?"
मी दोनदा वाचलं.
लिहिलं होतं, सरकार पक्षाला शाबीत करता आलं नाही.
त्याला म्हटलं, सुटलास, जा.
तो गेला नाही. आत, कोर्टाच्या खिडकीकडे बघत राहिला,
घरघर ऐकत.
"तो कूलर पाहू का जी?"

बोरघऱ्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी फाइलमधून मान न काढता
होकार दिला असावा.
त्यानं बटण बंद केलं, जाळी काढली,
टाकीत कोपरापर्यंत हात घातला.
"पंप चांगला हाये. काडीकचरा बसला तोंडात."
नळी फुंकली, तार एका दातानं सोलली,
आणि गवताच्या पडद्यावर पाणी
आधी ठिपक्यांनी, मग सरळ धारेनं उतरलं.

इतक्या सफाईनं सुटला पंप त्याच्या हातात
की दुरुस्तीवालाच तो, यात मला शंका उरली नाही.
आणि अंधारात, अनोळखी छपरीवर,
याच सफाईनं सुटला असता,
हेही मला त्याच क्षणी दिसलं.

खोलीत परत आलो. नोंदवही उघडली.
एकेचाळीस: मूळ मालकास परत करावे.
शेरा या रकान्यात पेन टेकवलं
आणि उचललं.
पलीकडे पाणी टाकीत पडत होतं.
पंप फळीवर, सीलबंद,
शनिवारी जिथे ठेवला होता तिथेच.